एक्झॉस्ट फॅनचा ट्रान्सफॉर्मरवाला रेग्युलेटर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मुंबईत एक्झॉस्टची कामं करतो, गिरगावातल्या खानावळीपासून साकीनाक्याच्या गाळ्यापर्यंत, आणि फोनवर तेच तेच प्रश्न येतात, कधी कधी तर रात्री अकराला किचन बंद होताना येतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. आधीच एक सांगतो, रेग्युलेटर घ्यायला निघण्याआधी शिडी लावून मोटारीची प्लेट वाचा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, खालचे निम्मे प्रश्न त्या फोटोवरच सुटतात.

हा पाच स्टेपवाला डबा नक्की करतो काय?

आत एक ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या कोअरवर तांब्याच्या तारेची एकच लांब गुंडाळी, आणि तिच्यातून मधेमधे तारा बाहेर काढलेल्या, त्यांना टॅप म्हणतात. समोरचा नॉब फिरवला की फॅन वेगवेगळ्या टॅपला जोडला जातो. पाचव्या स्टेपला पूर्ण २३० व्होल्ट, पहिल्याला साधारण ८० ते १०० च्या आसपास, मधले आकडे कंपनीप्रमाणे बदलतात. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने पडते, व्होल्टेज निम्मं केलं की ताकद पाव होते, मग पातं हवेला तेवढ्या जोराने ढकलू शकत नाही आणि मोटार जिथे जमेल त्या कमी स्पीडला येऊन स्थिरावते. फ्रिक्वेन्सी तीच राहते, ५० हर्ट्झ. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

मग घरच्या सीलिंग फॅनचा रेग्युलेटर का नाही लावायचा? तो तर एवढासा असतो आणि स्वस्त मिळतो.

कारण तो ६०-७५ वॉटच्या पंख्यासाठी बनवलेला असतो. त्यातले दोन प्रकार बाजारात दिसतात. एक कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर, त्यातले कपॅसिटर छोट्या पंख्याच्या करंटचा हिशोब धरून घातलेले असतात, दोन अँपिअरच्या एक्झॉस्टला ते पुरत नाहीत. दुसरा इलेक्ट्रॉनिक, त्यात ट्रायॅक असतो, तो प्रत्येक वेव्हचा थोडा तुकडा कापून टाकतो. मोटारीला गुळगुळीत साइन वेव्हऐवजी कापलेली वेव्ह मिळाली की ती गुणगुणायला लागते, आणि रिकाम्या डक्टमधून ती गुणगुण अख्ख्या मजल्यावर ऐकू येते. मोठे ट्रायॅकवाले रेग्युलेटर मिळतात आणि काही कामांना ते ठीकही आहेत, पण ट्रान्सफॉर्मर वेव्हला हात लावत नाही, फक्त तिची उंची कमी करतो, म्हणून मोटार शांत चालते. शिवाय आत एकही इलेक्ट्रॉनिक पार्ट नसतो. तेलकट वाफ, पावसाळी दमट हवा, किनाऱ्यालगतची खारी हवा, यात सर्किट बोर्ड लवकर मान टाकतो आणि तांबं-लोखंड टिकतं, म्हणून मुंबईत तरी मी याच जड डब्याच्या बाजूने आहे.

माझ्या एक्झॉस्टला तो चालेल का, कसं ओळखायचं?

इथेच सगळ्यात जास्त मोटारी जळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्होल्टेज कमी करून स्पीड कमी करायचा तर मोटार त्या कामाची हवी. छोट्या शेडेड पोल मोटारी, म्हणजे कपॅसिटर नसलेल्या साध्या मोटारी, चालतात. कायम कपॅसिटर लागलेल्या सिंगल फेज मोटारी, म्हणजे ज्यांचा कपॅसिटर चालू असतानाही सर्किटमध्येच असतो, त्या बहुतेक चालतात. डक्ट फॅनमधल्या ज्या मोटारींचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, बाहेरच्या बाजूला असतो त्या तर बऱ्याचशा याच हिशोबाने बनवलेल्या असतात, प्लेटवर किंवा कॅटलॉगमध्ये व्होल्टेज कंट्रोल चालेल असं लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर कंपनीला फोन करून विचारा, त्यात कमीपणा नाही.

चालत नाही ती कपॅसिटर स्टार्ट मोटार. तिच्यात एक सेंट्रिफ्यूगल स्विच असतो, मोटारीने वेग घेतला की तो सुटतो आणि स्टार्टिंगची वाइंडिंग बाजूला होते. ओळखायची सोपी खूण सांगतो. फॅन बंद करा आणि कान देऊन उभे राहा, वेग उतरता उतरता आतून एक स्पष्ट 'टक' ऐकू आला तर तो स्विच परत लागल्याचा आवाज आहे. अशा मोटारीचा स्पीड रेग्युलेटरने खाली आणलात तर तो स्विच चालू फॅनमध्येच परत लागतो, आणि जी वाइंडिंग दोन-चार सेकंदांसाठी बनवली आहे ती तासभर करंट खात बसते. जळणार नाही तर काय होणार. लोअर परळच्या एका गाळ्यात आम्ही गेलो तेव्हा तिसरी मोटार जळलेली होती, प्रत्येक वेळी मोटार बदलली, रेग्युलेटर तोच ठेवला, आणि कुणीही तो 'टक' ऐकला नव्हता. त्या माणसाचे तीन मोटारींचे पैसे गेले त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण पहिल्याच वेळी दोन मिनिटांत कळलं असतं.

साधी थ्री फेज इंडस्ट्रियल मोटार, बेल्टवर ब्लोअर फिरवणारी, तीही या डब्यावर नको. तिला व्हीएफडी लागतो, म्हणजे सप्लायची फ्रिक्वेन्सी बदलून स्पीड कमी करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह.

प्लेटवर २.१ अँपिअर लिहिलंय, म्हणजे अडीचचा रेग्युलेटर बास ना?

नाही, आणि कारण बहुतेकांना उलटं वाटतं. व्होल्टेज कमी केलं की करंटही कमी होईल असं वाटतं, बल्बच्या बाबतीत ते खरंही आहे. मोटारीचं तसं नसतं. मधल्या स्टेपला करंट पूर्ण स्पीडपेक्षा वरही जाऊ शकतो.

गिरगावातल्या एका खानावळीत आम्ही हे मालकांना समोर दाखवलं. रात्री भांडी घासून झाली होती, ओट्यावर उभं राहून मी फॅनकडे जाणाऱ्या फेजच्या वायरीला क्लॅम्प मीटर (वायर न कापता बाहेरून करंट मोजणारा मीटर) लावला आणि काका नॉब फिरवत होते. प्लेटवर २.१. पाचव्या स्टेपला मीटर २.० दाखवत होता. चौथ्याला २.२. तिसऱ्याला २.३, आणि काकांनी नॉब सोडून माझ्याकडे बघितलं, म्हणाले मीटर उलटा लावलास का रे. दुसऱ्याला २.० आणि पहिल्याला १.६. म्हणजे फॅन निम्म्या जोराने फिरतोय, आवाज उतरलाय, आणि मोटारीत मात्र सगळ्यात जास्त करंट चाललाय. हे त्या एका फॅनचे आकडे आहेत, तुमच्या फॅनचे वेगळे येतील, पण असा मधे फुगवटा बऱ्याच मोटारींना असतो.

म्हणून हिशोब असा करा. प्लेटवरचे अँपिअर घ्या, प्लेटवर जास्तीत जास्त करंट वेगळा दिला असेल तर तोच घ्या, त्यावर कमीत कमी २० टक्के वाढवा, आणि त्याच्या वरचा जो साइझ मिळतो तो घ्या. २.१ ला २.५२ येतात, म्हणजे तीनचा घ्या. वॉटवरून हिशोब करू नका, वॉटला व्होल्टने भागून येणारा आकडा पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटचा किती भाग खऱ्या कामाला येतो ते, विसरतो आणि नेहमी कमी येतो.

आणि बसवून झाल्यावर पाचही स्टेपला क्लॅम्प मीटर लावून बघायला सांगा. फिटर कंटाळा करत असेल तर उभे राहा आणि करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

एका रेग्युलेटरवर दोन-तीन फॅन चालतील?

चालतील, सगळ्यांचे अँपिअर बेरीज करून वर तेच २० टक्के. दोन फॅन २.१ चे म्हणजे ४.२, वाढवून ५.०४, मग पाचचा नको, पुढचा घ्या. फक्त फॅन एकसारखे असू द्या, वेगवेगळ्या मोटारी एकाच स्टेपला वेगवेगळ्या स्पीडला जातात आणि मग एक ओढतो, दुसरा नुसता फिरतो. आणखी एक, एक फॅन अडकला तर दुसऱ्याच्या चालू आवाजात ते कळत नाही, म्हणून प्रत्येक मोटारीचं ओव्हरहीट प्रोटेक्शन वेगळं हवं.

लाइट बिल किती वाचेल?

वाचतं, पण दुकानदार सांगतात तेवढं नाही. पंख्याचा नियम असा की हवा स्पीडच्या प्रमाणात, दाब स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात आणि पॉवर घनाच्या प्रमाणात. स्पीड ८० टक्के केला तर हवा ८० टक्के, दाब ६४ टक्के आणि पात्याला लागणारी पॉवर जेमतेम ५१ टक्के. हा ५१ चा आकडा दाखवून निम्मं बिल वाचेल असं सांगितलं जातं. पण ती पॉवर पात्याची, मीटरमधून जाणारी नव्हे. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच राहते असं वर म्हटलं ते इथे कामाला येतं: चार पोलच्या मोटारीतलं चुंबकी क्षेत्र तुम्ही कुठलाही स्टेप ठेवा मिनिटाला १५०० फेऱ्यांच्याच वेगाने फिरत असतं. रोटर ७०० वर आणला तर मधल्या फरकाच्या प्रमाणात, म्हणजे रोटरकडे गेलेल्या पॉवरच्या निम्म्याहून जास्त भाग, रोटरमध्ये नुसती उष्णता होऊन जातो. व्हीएफडी फ्रिक्वेन्सीच कमी करतो म्हणून त्याची बचत खरी मोठी असते. तुमचा फॅन दिवसाचे चौदा तास कमी स्पीडवर चालणार असेल तर व्हीएफडी किंवा ईसी मोटार (आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असलेली) यांचा हिशोब जरूर करून बघा. दुपारी आणि रात्री गर्दीला फुल आणि मधे थोडा कमी, असं असेल तर हा डबा बरोबर आहे.

वरच्या मजल्यावरचे लोक आवाजाची तक्रार करतायत. याने फरक पडेल?

पडतो, आणि माझ्या मते मुंबईत हा रेग्युलेटर घ्यायचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. इथे खाली हॉटेल आणि वर बिऱ्हाडं ही रोजची गोष्ट. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ ला ४५ डेसिबलची मर्यादा आहे, व्यापारी भागात ६५ आणि ५५. पंख्याचा आवाज स्पीडबरोबर फार झपाट्याने उतरतो, स्पीड निम्मा केला तर ढोबळ हिशोबाने १५ डेसिबल आणि ७० टक्के केला तर साधारण ७-८. वर झोपणाऱ्या माणसाला एवढा फरक अगदी स्पष्ट कळतो. रात्री साडेनऊनंतर तवा बंद झाला, फक्त भाताचं आणि वाढपाचं काम उरलं की एक-दोन स्टेप खाली या.

पण खडखड असेल तर ती रेग्युलेटरने जाणार नाही. बेअरिंग गेलंय, पात्यावर तेलाचा थर एका बाजूला जास्त बसलाय, किंवा फॅन सरळ भिंतीला कसलाय आणि मधे रबर नाही, हे आधी बघा. पातं साफ केल्यावर निम्मा आवाज गेला असं आम्ही कितीतरी वेळा पाहिलंय.

एक नंबरला फॅन सुरूच होत नाही, नुसता घूं करतो.

लगेच बंद करा किंवा पाचवर न्या. तसाच घूं करत सोडलेला फॅन म्हणजे अडकलेली मोटार, पंखा फिरत नाही म्हणजे तिला हवाही मिळत नाही आणि ती तापत राहते. पहिल्या स्टेपला सुरुवातीची ताकद अगदी थोडी असते, नवीन मोटार उचलते, पण बेअरिंगचं ग्रीस घट्ट झालं, पात्यावर चिकटा बसला की उचलत नाही. फॅनच्या तोंडावरचं शटर गंजून अडकलं असेल तर तेही बघा. सवयच लावून घ्या, सुरू करताना पाच, फॅनने वेग घेतला की मग खाली. स्टाफला सांगून भागत नाही, डब्याच्या शेजारी कागद चिकटवा.

कपॅसिटर कमजोर झाला तरी हेच होतं. दोन-तीन वर्षं चालणारा फॅन अचानक एक नंबरला उचलेनासा झाला तर आधी कपॅसिटर बदलून बघा, स्वस्त असतो.

नॉब मधेच अडकवून दोन आणि तीनच्या मधला स्पीड मिळतो का?

अजिबात नको. आतला स्विच आधीचा टॅप सोडतो आणि मगच पुढचा धरतो, कारण दोन टॅप एकाच वेळी धरले तर मधली गुंडाळी शॉर्ट होईल. मधे अर्धवट ठेवलात तर कॉन्टॅक्ट धड लागत नाही, ठिणगी पडत राहते आणि पितळ काळं पडून जळतं. नॉब 'टक' करून पूर्ण बसला पाहिजे, आणि झर्रकन पाचवरून एकवर असा फिरवू नका, एकेक घर या. स्टेपच्या मधलं हवंच असेल तर डिमरस्टॅट मिळतो, त्यात कार्बन ब्रश गुंडाळीवरून सरकतो आणि व्होल्टेज सलग बदलता येतं, पण किचनच्या तेलात तो ब्रश लवकर खराब होतो. टेस्टिंगच्या टेबलावर तो छान, भटारखान्यात नाही.

डबा गरम होतो आणि हलकी गुणगुण येते. खराब आहे का?

कोमट ते गरम होणं साहजिक आहे, हात ठेवून काही सेकंद सहन झाला तर चिंता नको. हात टेकवतच नसेल किंवा जळक्या व्हार्निशचा वास आला तर बंद करा. गुणगुण म्हणजे कोअरच्या पट्ट्यांचं थरथरणं, ५० हर्ट्झच्या सप्लायवर ते सेकंदाला १०० वेळा होतं. ती हळूहळू वाढत गेली तर कोअरचे बोल्ट ढिले झालेत. सप्लाय बंद करून आवळून घ्या. प्लायच्या पार्टिशनवर लावलेला डबा ढोलासारखा घुमतो, पक्क्या भिंतीवर लावला की तोच डबा गप्प.

कुठे आणि कसा लावायचा?

शेगडीच्या वर नाही, हूडच्या आत तर नाहीच. बहुतेक डब्यांचं रेटिंग ४० अंश हवेचं असतं आणि तव्याच्या वर मे महिन्यात ती हवा त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते. डोळ्याच्या उंचीवर, दरवाजाच्या बाजूला, खाली-वर हवा फिरायला वीतभर जागा सोडून. धुण्याची जागा जवळ असेल तर आयपी ५४ चं, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे आत न येऊ देणारं, बॉक्स घ्या. वायर खालून ग्लँडमधून, म्हणजे वायर आवळून धरणाऱ्या नटातून, आत घ्या, आणि वरून येत असेल तर आत जाण्याआधी तिला खाली एक लूप द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत आलं तरी लूपच्या तळाला टपकून जातं, डब्यात शिरत नाही. हा लूप न दिल्यामुळे जुलैमध्ये किती डबे उघडून वाळवत बसलोय ते आठवलं तरी नको वाटतं.

वायरिंगमध्ये एक गोष्ट फार महत्त्वाची. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये इनपुट आणि आउटपुट वेगळे नसतात, गुंडाळी एकच. जुन्या चाळींच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे लागलेले खूप सापडतात. तसं असेल तर एक नंबरला, जिथे फक्त ८०-१०० व्होल्ट आहे असं तुम्हाला वाटतंय, तिथे फॅनच्या दोन्ही वायरी जमिनीच्या हिशोबाने जिवंत असतात. म्हणून टेस्टरने फेज बघूनच जोडा, अर्थिंग डब्याच्या बॉडीला आणि मोटारीच्या बॉडीला दोन्हीकडे द्या, आणि फॅन साफ करायला चढायच्या आधी नॉब शून्यावर आणून थांबू नका, एमसीबी खाली करा. एमसीबी सी कर्व्हचा घ्या, ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो आणि बी कर्व्हचा उगाचच पडत राहतो.

मोटारीतून टीके लिहिलेल्या दोन बारीक वायरी आल्यात. त्या कापून टाकू?

कृपा करून कापू नका. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये एक थर्मल कॉन्टॅक्ट पुरलेला असतो, वाइंडिंग जास्त तापली की तो उघडतो, त्याच्या या वायरी. टीके टर्मिनल असलेला रेग्युलेटर घेतला तर त्या तिथे जोडायच्या, मोटार तापली की रेग्युलेटर सप्लाय तोडतो आणि थंड झाल्यावरही आपोआप सुरू होत नाही, नॉब शून्यावर आणून परत फिरवावा लागतो. लोक म्हणतात रेग्युलेटर बिघडला, सुरूच होत नाही. तो आपलं काम करतोय. टर्मिनल नसेल तर त्या वायरी कॉन्टॅक्टरच्या (कॉइलवर चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलच्या सिरीजमध्ये घ्या. कमी स्पीडला मोटारीला हवा कमी आणि करंट जास्त, त्यामुळे या फॅनना या दोन वायरींची गरज इतरांपेक्षा जास्तच आहे.

किचनमध्ये गॅस असताना कमी स्पीड ठेवलेला चालतो का?

शेगड्या पेटलेल्या असताना धूर, वाफ आणि जळण्याने होणारा वायू बाहेर गेलाच पाहिजे. कागद किंवा पातळ रुमाल हूडच्या कडेला धरा, आत ओढला जात नसेल तर तो स्टेप कामाचा नाही, तो स्टाफला वापरू देऊ नका. दाब वर्गाने पडतो हे वर आलंच आहे, त्यामुळे डक्ट पाच मजले चढून गच्चीवर जात असेल तर निम्म्या स्पीडला पाव दाब उरतो आणि पावसाळी वारा समोरून आला की हवा बाहेर पडतच नाही. दारं-खिडक्या बंद करून एसी लावलेल्या किचनमध्ये तर आत येणाऱ्या ताज्या हवेचाही रस्ता हवा, नाहीतर फुल स्पीडलाही फॅन नुसता गुदमरतो.

आणि गॅसचा वास आला तर नॉबला हात लावायचा नाही. चालू करायला नाही, बंद करायलाही नाही. स्टेप बदलताना आत ठिणगी पडते. मेन व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि माणसं बाहेर काढा.

मसाला कांडप आहे, मिरचीची धूळ उडते. पिठाची गिरणी, रंगाचा बूथ, तिथे?

लालबागला मिरची गल्लीच्या परिसरात ही विचारणा नेहमीची. बारीक सुकी पूड हवेत असताना ठिणगी नको, आणि थिनरच्या वाफेत तर मुळीच नको. डबा त्या खोलीच्या बाहेर ठेवा. रंगाच्या बूथला फ्लेमप्रूफ मोटार, म्हणजे आतली ठिणगी बाहेर भडकू न देणारी मोटार, लागते आणि तिला व्होल्टेज कंट्रोलची परवानगी तिच्या सर्टिफिकेटमध्ये लिहिलेली असेल तरच, नाहीतर फुल स्पीड आणि हवेला डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप. जिन्यातला किंवा पार्किंगमधला आगीच्या वेळी धूर काढायचा फॅन कुठल्याच रेग्युलेटरवर घेऊ नका.

बीएलडीसी किंवा ईसी फॅनला चालेल?

नाही. त्यांच्या आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असतं, स्पीडसाठी रिमोट किंवा ० ते १० व्होल्टची वेगळी वायर असते. त्यांना सप्लाय पूर्ण द्यायचा.

थ्री फेजचा येतो का?

येतो. आत दोन किंवा तीन ट्रान्सफॉर्मर आणि एकच नॉब. मोटार व्होल्टेज कंट्रोलचीच हवी, ही अट तिथेही तीच.

व्होल्टेज कमीजास्त झालं तर हा सांभाळतो का? इन्व्हर्टरवर?

हा स्टॅबिलायझर नाही. सप्लाय २१० वर आला तर पाचही स्टेप त्याच प्रमाणात खाली येतात, म्हणून एक नंबर जिथे जेमतेम उचलतो तिथे दोन वापरा. चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर कोअर आणि मोटार दोन्ही तापतात आणि मोठ्याने ओरडतात, प्युअर साइन वेव्हचा असेल तर चालतो.

लोहार चाळीत घ्यायला गेलो तर काय बघू?

हातात घेऊन वजन बघा. याच्यात लोखंड आणि तांबंच असतं, त्यामुळे त्याच अँपिअरचा एक डबा दुसऱ्यापेक्षा खूप हलका असेल तर काहीतरी कमी घातलंय. प्लेटवर अँपिअर लिहिलेत की नुसते वॉट, ते बघा. झाकण उघडून दाखवायला सांगा, चांगला दुकानदार दाखवतो. टॅपच्या तारा नीट क्रिम्प केलेल्या आहेत का, गुंडाळी तांब्याची आहे की अॅल्युमिनियमची, एखाद्या टोकाला इनॅमल खरवडून रंग बघता येतो. प्रत्येक स्टेपचं व्होल्टेज आत स्टिकरवर लिहिलेलं असेल तर फार बरं. मोटारीच्या प्लेटचा फोटो दाखवा, आणि 'एक्झॉस्टसाठी द्या' एवढंच बोलून डबा उचलून आणू नका.

जळला तर रिवाइंडिंग होतं?

होतं, आणि ट्रान्सफॉर्मरवाल्याची हीच मोठी गंमत आहे, फेकून द्यावा लागत नाही. पण आधी का जळला ते शोधा. मोटार तपासल्याशिवाय रिवाइंड केलेला डबा परत जोडला तर महिन्याभरात तोच वास येईल. स्विच जळला असेल आणि गुंडाळी ठीक असेल तर फक्त रोटरी स्विच बदलून भागतं.

देखभाल म्हणाल तर फारशी नाही. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी एकदा, एमसीबी बंद करून झाकण उघडा, ब्रशने धूळ-तेल काढा, टर्मिनलचे स्क्रू आवळा, वरळी, माहीम, वर्सोव्याच्या बाजूला असाल तर तांब्यावर हिरवट थर आलाय का बघा आणि आला असेल तर ते टोक कापून नवीन सोलून बसवा. मग झाकण लावून पाचही स्टेपला परत क्लॅम्प मीटर लावा आणि आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या मे महिन्यात ताडून बघायला ते लागतात.